भूल देणारी परिचारिका : अर्हता आणि आरोग्य विम्यातील नोंदणी

शस्त्रक्रिया म्हटली की रुग्णाच्या नातेवाइकांचे सारे लक्ष शल्यचिकित्सकाकडे असते. भूल कोणी दिली, त्या व्यक्तीची पात्रता काय आणि तिचा मोबदला कोणाकडून मिळतो, याची चौकशी सहसा होत नाही. वास्तविक लहान गावच्या रुग्णालयातील शस्त्रक्रियागृह चालू राहणार की त्याला कुलूप लागणार, हे पुष्कळदा याच प्रश्नांवर अवलंबून असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत भूल देण्याचे काम डॉक्टरांबरोबर खास प्रशिक्षित परिचारिकाही करतात. तेथील व्यवस्था समजावून घेतल्यास अर्हता आणि विमा योजनेतील सहभाग या दोन बाबी किती भिन्न आहेत, हे स्पष्ट होते.

ही प्रथा नवी नव्हे. मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे मेयो बंधूंच्या रुग्णालयात ॲलिस मॅगॉ ही परिचारिका भूल देत असे. भुलीमुळे एकही मृत्यू न होता चौदा हजारांहून अधिक रुग्णांना भूल दिल्याची नोंद तिने १९०६ साली प्रसिद्ध केली. तथापि हे काम वैद्यकीय व्यवसायात मोडते, सबब परिचारिकेने ते करणे बेकायदेशीर होय, असा आक्षेप काही डॉक्टरांनी घेतला व प्रकरण न्यायालयात गेले. शल्यचिकित्सकाच्या निर्देशाखाली भूल देणे हा बेकायदेशीर वैद्यकीय व्यवसाय ठरत नाही, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ साली दिला. दरम्यान १९३१ साली या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती. १९४५ साली पहिली अर्हता परीक्षा झाली आणि १९५६ पासून ‘प्रमाणित नोंदणीकृत भूल परिचारिका’ हे नामाभिधान रूढ झाले. (नाव परिचारिकेचे असले तरी या व्यवसायात पुरुषांची संख्याही लक्षणीय आहे.)

अर्हतेची वाट लांबलचक आहे. प्रथम शुश्रूषा पदवी व राज्याचा परवाना. त्यानंतर अतिदक्षता विभागात किमान एक वर्षाचा अनुभव. मग मान्यताप्राप्त संस्थेतील भूलशास्त्राचा अभ्यासक्रम आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षा. १ जानेवारी २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांस हा अभ्यासक्रम डॉक्टरेट पातळीचाच पूर्ण करावा लागतो. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही प्रमाणपत्र कायमचे हाती पडत नाही. ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते.

परंतु एवढ्याने विम्याचा पैसा मिळू लागत नाही. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी तेथे १९६५ च्या कायद्याने मेडिकेअर ही सार्वजनिक आरोग्य विमा योजना सुरू झाली; काही अपंग व्यक्तींचा समावेश तिच्यात नंतर झाला. तिच्यात स्वतंत्र नोंदणी करावी लागते. त्यासाठी दहा अंकी राष्ट्रीय ओळख क्रमांक, चालू परवाना आणि प्रमाणपत्र लागते. गैरव्यवहारावरून योजनेतून वगळलेल्यांच्या यादीत नाव नाही ना, हेही तपासले जाते. साधारणतः दर पाच वर्षांनी माहितीची फेरतपासणी होते. ती वेळेवर न झाल्यास कौशल्य अबाधित असूनही देयके थांबतात.

ही स्वतंत्र नोंदणी परिचारिकांना सहजासहजी मिळालेली नाही. १९८३ साली मेडिकेअरने रुग्णालयांना आजाराच्या प्रकारानुसार ठोक रक्कम देण्याची पद्धत अंगीकारली. डॉक्टरचे शुल्क मात्र वेगळे मिळत राहिले. परिणामी, पगारी परिचारिका ठेवल्यास तिचा खर्च ठोक रकमेतून भागवावा लागावा आणि डॉक्टर बोलावल्यास रुग्णालयाला काहीच पडू नये, अशी विचित्र स्थिती ओढवण्याचा धोका निर्माण झाला. यावर उपाय म्हणून १९८६ साली कायदा झाला आणि १९८९ पासून या परिचारिकांच्या सेवेचे पैसे थेट देण्यास प्रारंभ झाला.

हिशोबाची रीत सोपी आहे. शस्त्रक्रियेच्या स्वरूपाप्रमाणे काही मूळ एकके ठरलेली असतात. त्यांत दर पंधरा मिनिटांस एक एकक मिळवून बेरजेला दराने गुणावयाचे. परिचारिकेने एकटीने भूल दिल्यास पूर्ण रक्कम तिच्या सेवेची. बधिरीकरणतज्ज्ञ डॉक्टर एकाच वेळी दोन ते चार ठिकाणी मार्गदर्शन करीत असल्यास निम्मी डॉक्टरची, निम्मी तिची. मेडिकेअरचा दर तिला मान्य करावाच लागतो. वार्षिक वजावट पूर्ण झाल्यावर रुग्णाने आपला वीस टक्के हिस्सा द्यावयाचा असतो; त्यावर अधिक रकमेची मागणी तिला करता येत नाही. रुग्णाच्या दृष्टीने हेच कलम सर्वांत मोलाचे आहे.

ग्रामीण भागासाठी आणखी दोन तरतुदी आहेत. वर्षाला भुलीच्या आठशेपेक्षा अधिक शस्त्रक्रिया न होणाऱ्या पात्र ग्रामीण रुग्णालयास परिचारिकेचा वाजवी खर्च मिळू शकतो. दुसरी तरतूद देखरेखीविषयी आहे. योजनेतील रुग्णालयात परिचारिकेवर डॉक्टरची देखरेख आवश्यक असते. परंतु राज्यपालाने लेखी कळविल्यास त्या राज्याला २००१ च्या नियमान्वये या अटीतून सूट मिळते. आयोवा हे अशी सूट घेणारे पहिले राज्य. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी तिचा लाभ घेतला. बधिरीकरणतज्ज्ञांच्या संघटनेचा या सवलतीस विरोध असून तो वाद आजही मिटलेला नाही.

भारतात भूल देण्याची जबाबदारी डॉक्टरचीच आहे. ग्रामीण भागात सिझेरियन शस्त्रक्रिया अडू नयेत म्हणून केंद्र शासनाने एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी अल्पकालीन भूल प्रशिक्षण सुरू केले. आरंभी ते १८ आठवड्यांचे होते. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत भूलतज्ज्ञाचे शुल्क उपचाराच्या ठोक रकमेतच समाविष्ट असते. योजनेत नोंदणी रुग्णालयाची होते. म्हणून अशा रुग्णालयात दाखल झालेल्या लाभार्थ्याकडे भुलीचे पैसे वेगळे मागितले गेल्यास त्याने ते देऊ नयेत. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे किंवा १४५५५ या दूरध्वनी क्रमांकावर विचारणा करावी.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. येथील पदवी आणि शस्त्रक्रियागृहातील अनुभव यांच्या बळावर अमेरिकेत भूल देण्याचा अधिकार मिळत नाही. नोंदणीकृत परिचारिकेची तेथील परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविणे, अतिदक्षता विभागातील अनुभव आणि तेथील भूलशास्त्राचा पूर्ण अभ्यासक्रम यांवाचून गत्यंतर नाही. याहून जवळची वाट दाखविणाऱ्या दलालाच्या हाती पैसे देण्यापूर्वी संबंधित राज्याच्या शुश्रूषा मंडळाकडे पत्राने चौकशी करावी.