कट्टीचं दुखणं खरं असतं

शाळेतून आलेली लेक दप्तर कोपऱ्यात टाकते. डबा निम्मा तसाच परत आलेला असतो. बऱ्याच वेळाने शब्द फुटतात, ‘‘आई, आज मला कोणी खेळायलाच घेतलं नाही.’’

यावर घरोघरी दोन उत्तरं तयार असतात. ‘‘एवढंच ना? उद्या होईल बट्टी!’’ नाहीतर, ‘‘थांब, मी बोलते तिच्या आईशी.’’ पहिल्या उत्तराने लेकीचं दुःख खोटं ठरतं. दुसऱ्याने भांडण तिचं न राहता आपलं होतं.

हे दुःख किती खरं असतं? २००३ मध्ये नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि किपलिंग विल्यम्स यांचा एक प्रयोग ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. स्कॅनरमध्ये झोपलेले तरुण विद्यार्थी संगणकावर चेंडूफेक खेळत होते. मध्येच उरलेल्या दोन भिडूंनी त्यांच्याकडे चेंडू टाकणं थांबवलं. ते भिडू खरे नव्हतेच, तो नुसता प्रोग्रॅम होता. तरीही शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेला मेंदूचा एक भाग जागा झाला. अनोळखी भिडूंनी वगळलं तर एवढं लागतं. मग रोज एका बाकावर बसणारी मैत्रीण ‘कट्टी’ म्हणाली तर?

म्हणून आधी ऐकावं. ‘‘वाईट वाटलं ना?’’ एवढं म्हणून थांबावं. मग विचारावं, ‘‘तुला काय करावंसं वाटतं?’’ खेळात शिरायचं कसं, याचा घरीच सराव करता येतो. ‘मलाही घ्या’ म्हणत मध्ये घुसण्यापेक्षा थोडा वेळ खेळ पाहावा, गेलेला चेंडू आणून द्यावा, मग विचारावं. शिवाय सोसायटीत, चित्रकलेच्या वर्गात, कुठेतरी एक जिवाभावाची मैत्रीण असली तरी शाळेतला घाव सोसवतो.

मात्र तोच त्रास मुद्दाम, पुन्हापुन्हा, जास्त ताकदीची मुलं देत असतील, तर ते भांडण नव्हे, छळ आहे. तिथे मुलावर सोडून चालत नाही. वर्गशिक्षकांना भेटावं, गरज पडल्यास १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

कोणालाच वगळायचं नाही, हे शहाणपण आपल्या अंगणातल्या खेळांना ठाऊक होतं. धावता न येणाऱ्या धाकट्याला कोणी घरी पाठवत नसे. तो लिंबूटिंबू व्हायचा; त्याच्यावर राज्य येत नसे, पण तो खेळात असे. म्हणून ‘आज तुला कोणी घेतलं नाही का?’ या प्रश्नाबरोबरच आणखी एक प्रश्न रोज घरात विचारला जावा : ‘आज एकटं कोण बसलं होतं? त्याला तुम्ही खेळायला घेतलंत का?’