जगाची रद्दी कुणाच्या दारात?

मैत्रिणींनो, रद्दीवाल्याच्या तराजूत वर्तमानपत्रं नि रिकाम्या बाटल्या टाकून चार पैसे कसे मिळवावेत, हे आपल्याला कुणी शिकवायला नको! पण साऱ्या जगाची रद्दी वर्षानुवर्षं एकाच देशाच्या दारात जात होती, हे ठाऊक आहे का? तो देश म्हणजे चीन.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतली रद्दी इतक्या लांब नेणं परवडायचं कसं? हिशेब सोपा आहे. खेळणी, कपडे, भांडीकुंडी घेऊन चीनहून बोटी जायच्या. रिकामं परतण्यापेक्षा कमी भाड्यात रद्दी आणलेली बरी! झांग यिन नावाच्या बाईंनी हे नेमकं हेरलं. १९९० साली त्या अमेरिकेत गेल्या आणि नवऱ्याच्या जोडीनं रद्दी कागद गोळा करून चीनला पाठवू लागल्या. १९९५ मध्ये त्यांनी चीनमध्ये पुठ्ठ्याच्या कागदाचा कारखाना काढला. २००६ साली चीनमधल्या श्रीमंतांच्या एका नामांकित यादीत त्यांचं नाव सर्वांत वर होतं!

कागदानं असं सोनं केलं. प्लास्टिकनं मात्र विष कालवलं. १९९२ पासूनच्या पंचवीसएक वर्षांत देशोदेशींनी बाहेर पाठवलेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे ४५ टक्के एकट्या चीननं घेतला. त्यात बराचसा खरकटा, ओला, सगळा एकत्र कालवलेला. घरगुती कारखान्यांत बायका-मुलं तो हातांनी निवडत. वितळवताना धूर घरात, धुतलेलं पाणी ओढ्यात. २०१६ च्या 'प्लास्टिक चायना' या माहितीपटात अशाच ढिगाऱ्यात वाढणारी, शाळेसाठी आसुसलेली अकरा वर्षांची मुलगी दिसते. ग्वेयू गावात जुने संगणक फोडून तांबं काढत. तिथल्या लहानग्यांच्या रक्तात शिशाचं प्रमाण वाढलेलं आढळलं.

अखेर १ जानेवारी २०१८ पासून चीननं २४ प्रकारच्या परदेशी कचऱ्याला दार बंद केलं. घरगुती प्लास्टिक आणि न निवडलेली रद्दी त्यात आलीच. मग तो कचरा थांबला का? छे! तो मलेशिया, थायलंड, व्हिएतनामकडे वळला. २०१९ मध्ये मलेशियानं कंटेनर परत धाडायला सुरुवात केली. भारतानंही त्याच वर्षी प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीवर बंदी घातली. घेणाऱ्या देशाच्या संमतीशिवाय मिसळलेलं, घाण प्लास्टिक पाठवायचं नाही, असा बाझल कराराचा नियम २०२१ पासून लागू झाला.

यात आपण काय करणार? एवढंच, की आपला कचरा कुणाच्या तरी हातांत पडतो, याची आठवण ठेवायची. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कितीतरी भगिनी तो रोज निवडतात. दुधाची पिशवी कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नका. पिशवी विसळून वाळत घाला. रद्दी कोरडी ठेवा. फुटकी काच कागदात गुंडाळून वेगळी द्या. दोन मिनिटांचं काम, पण तेवढ्यानं कुणा बाईचा हात कापायचा वाचेल. आणि नवी वस्तू घेताना 'ही उद्या जाणार कुठं?' असं मनाशी एकदा विचारून पाहा, बरं का!