द्राक्षाच्या चोथ्याचा सदुपयोग

प्रतिवर्षीं जानेवारी ते मार्च या महिन्यांत नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षमद्याच्या कारखान्यांत मोठी धांदल असते. पुढल्या दरवाजानें द्राक्षांच्या गाड्या आंत येतात, त्यांकडे सर्वांचें लक्ष असतें. मागल्या दरवाजानें काय बाहेर पडतें, इकडे फारसें कोणी पाहात नाहीं. एक टन द्राक्षांपासून सुमारें २०० ते २५० किलो ओला चोथा निघतो. तो पुष्कळदां खड्ड्यांत जातो, आंबतो व चिलटांचें घर बनतो. वाळविला असतां याचाच ७०-८० किलो टिकाऊ माल होतो, हें बागाइतदार बंधूंनीं ध्यानांत घ्यावें.

चोथा म्हणजे मुख्यतः साली व बिया. द्राक्षांतील तुरट द्रव्यें, ज्यांस रसायनशास्त्रांत पॉलिफेनॉल म्हणतात, तीं गरांत फार थोडीं असतात. त्यांचा निम्म्याहून अधिक भाग बियांत, व उरलेल्यापैकीं बराचसा सालींत असतो. काळ्या द्राक्षांचा रंगही सालींतलाच. तांबड्या मद्याच्या वाळलेल्या चोथ्यांत वजनाचा सामान्यतः निम्मा किंवा अधिक भाग तंतुमय द्रव्याचा असतो. प्रौढ मनुष्यानें अन्नांतून रोज निदान २५ ग्रॅम तंतू घ्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं केली आहे. सडीक तांदूळ व मैदा यांवर राहणाऱ्यांस एवढे तंतू मिळणें कठीण. मैद्यांत शेंकडा ८ प्रमाणें चोथ्याची भुकटी घातली, तर दर १०० ग्रॅम पिठामागें सुमारें ४ ग्रॅम तंतूंची भर पडते.

मात्र येथें दिरंगाई उपयोगी नाहीं. ओल्या चोथ्यांत साधारण दोनतृतीयांश पाणी असतें. एक-दोन दिवसांतच त्यावर बुरशी चढते, व बुरशी लागलेला माल खाण्याच्या कामीं कदापि घेऊं नये. पांढऱ्या मद्याचा चोथा आंबण्यापूर्वींच दाबलेला असल्यामुळें त्यांत साखर राहते व तो अधिकच लवकर बिघडतो. म्हणून दाबणी झाली त्याच दिवशीं काड्या वेंचून काढाव्या, चोथा स्वच्छ जाळीवर पातळ पसरावा आणि वाळवणयंत्रांत ६० अंश सेंटिग्रेडच्या आंत ठेवून कुरकुरीत होईपर्यंत वाळवावा. नंतर चाळून साली व बिया वेगळ्या कराव्या. बियांत तेल असल्यामुळें त्यांची भुकटी लवकर खवट होते. ती थोडी थोडीच करावी. सालींची भुकटी हवाबंद डब्यांत, अंधारांत ठेवावी.

बिस्किटांत किंवा पावांत शेंकडा ५ ते १० इतकी भुकटी पुरे. याहून अधिक घातल्यास पदार्थ काळसर व तुरट होतो.

दुसरी सावधगिरी फवारणीची. औषधांचा व बोर्डो मिश्रणांतील तांब्याचा अंश सालीवरच राहतो. तेव्हां फवारणीपासून तोडणीपर्यंतचे ठरलेले दिवस ज्या बागेनें पाळले, व ज्या मालाची तपासणी झाली, त्याचाच चोथा घ्यावा. बाकीचा शेणाबरोबर कुजवून खत करावें. गुरांनाही तो बेतानेंच द्यावा. कारण त्यांतील टॅनिन प्रथिनांस बांधून ठेवतें व पचन मंदावतें.

पॉलिफेनॉलांविषयीं बाजारांत पुष्कळ बढाया मारल्या जातात. त्यांच्या गुणांचा अभ्यास चालू आहे. पण भुकटीला औषध म्हणून विकणें हें ग्राहकाशीं व आपल्या मालाशींही अप्रामाणिकपणाचें होईल. ती अन्न आहे, एवढेंच तिचें मोल पुरेसें आहे.

वाळवणयंत्राचा खर्च एकट्या बागाइतदारास झेपणार नाहीं. दहा-वीस जणांनीं मिळून तें घेतल्यास व जवळच्या कारखान्याशीं चोथ्याचा करार केल्यास काम सुकर होईल. कोंड्याचा मांडा करण्याची विद्या आपल्या आजीला येत होती. तिच्या नातवांनीं चोथ्याच्या बाबतींत मागें कां राहावें?