माणूस हवा साहेबांना, शोधायचा एचआरने?

चाकणच्या एखाद्या कारखान्यात सीएनसी मशीनवर माणूस कमी पडला की उत्पादन विभागाचे मॅनेजर एचआरला दोन ओळींचा मेल टाकतात : ‘ऑपरेटर हवा. अनुभव तीन वर्षं. अर्जंट.’ मग दर दोन दिवसांनी विचारणा सुरू होते, ‘माणूस कधी देताय?’

गैरसमज : भरती हे एचआरचं काम.

वस्तुस्थिती : त्या मेलमध्ये कामाचं असं काहीच नसतं. ऑपरेटर फक्त जॉब लावणारा-काढणारा हवा, की स्वतः सेटिंग करणारा? ड्रॉइंग वाचता यायला हवं का? रात्रपाळी किती? हे मॅनेजरलाच ठाऊक असतं. एचआर बायोडेटा मागवेल, पगाराचं बोलेल, कागदपत्रं तपासेल; पण मशीनवर काय लागतं हे ते कुठून आणणार? म्हणून मॅनेजरचा सहभाग सर्वांत जास्त हवा तो जाहिरात निघण्याआधी. अर्धा तास समोरासमोर बसून दोन गोष्टी लिहून काढाव्यात : या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत काय करून दाखवायचं, आणि त्यातलं आज काय यायलाच हवं, काय आपण शिकवू शकतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं की ‘तीन वर्षं अनुभव’ ही अट पुष्कळदा आपोआप गळून पडते.

गैरसमज : ‘पाच मिनिटांत मला माणूस कळतो.’

वस्तुस्थिती : वीस-वीस वर्षं माणसं हाताळलेले लोक हे मनापासून म्हणतात, आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये उमेदवार निवडण्याच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. सुचेल तसे प्रश्न विचारत घेतलेल्या मुलाखतीपेक्षा आखीव मुलाखतीवरून पुढच्या कामाचा अंदाज चांगला बांधता येतो, असं त्यात दिसलं. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे हिशेब पुन्हा तपासले. जुने बरेच आकडे खाली आले, पण आखीव मुलाखत या पद्धतींच्या यादीत सर्वांत वर आली : प्रत्यक्ष कामाशी तिचा सहसंबंध ०.४२, तर मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा फक्त ०.१९.

आखीव म्हणजे अवघड नव्हे. सगळ्यांना तेच प्रश्न, कामाशी संबंधित, आणि उत्तरांना आधी ठरवलेल्या निकषांवर गुण. पॅनेलमधल्या प्रत्येकाने आपापले गुण आधी लिहायचे, चर्चा नंतर. जोडीला उमेदवाराच्या हातात ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर द्यावा. तो माप कसं घेतो ते पाहावं.

‘गाव कुठलं?’, ‘आडनाव काय म्हणालात?’, ‘लग्नाचं काय ठरवलंय?’ हे प्रश्न मात्र यादीत येता कामा नयेत. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फक्त नावं वेगळी. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जदारांना बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. पाच मिनिटांत ‘कळतं’ ते पुष्कळदा असं काहीतरी असतं. बोलावलेला प्रत्येक जण आशेने आलेला असतो, याची जाण मुलाखत घेणाऱ्याने ठेवलीच पाहिजे.

गैरसमज : ओळखीतला मुलगा आणून दिला, म्हणजे सहभाग झाला.

वस्तुस्थिती : ओळख उपयोगी पडते, पण ती जरा लांबची असावी. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवलं की नोकरीची खबर जवळच्या मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून जास्त मिळते. मॅनेजरकडे असे परिचित भरपूर असतात : जुने सहकारी, पुरवठादार, आयटीआयचे निदेशक. शिवाय ३० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. वर्षभर आपल्याच शॉप फ्लोअरवर वावरणाऱ्या त्या पोरांकडे मॅनेजरने लक्ष दिलं, तर कुठल्याही मुलाखतीत दिसणार नाही इतकं दिसतं.

गैरसमज : रात्रपाळी, उकाडा, टार्गेट यांचं आधी सांगितलं तर उमेदवार पळतील.

वस्तुस्थिती : काही जातील, आणि ते आत्ता गेलेलं बरं. कामाचं खरं चित्र आधी दाखवण्यावर जॉन वॅनस यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुष्कळ काम केलं आहे. त्यामुळे नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण फार नाही, पण काही अंशी कमी होतं. हे चित्र दाखवायला शॉप फ्लोअरवरचाच माणूस लागतो. उमेदवारालाही आपला साहेब कसा आहे ते बघायचं असतं.

‘वेळच मिळत नाही’ ही अडचण मात्र खरी आहे. मॅनेजरचं वर्षाचं मूल्यमापन फक्त उत्पादनावर होत असेल, तर तो भरतीला वेळ का देईल? कंपनीने हे काम त्याच्या मूल्यमापनात धरावं, मुलाखत कशी घ्यायची याचं प्रशिक्षण द्यावं, आणि मुलाखतीच्या दिवशी त्याची लाइन दुसऱ्या कुणाकडे सोपवावी. ऑफर लेटर गेल्यावरही काम संपत नाही. उमेदवाराची नोटीस चालू असते, तेवढ्यात दुसरी ऑफर येते आणि तो जॉइनच होत नाही. त्या दिवसांत एचआरचे फोन जातातच. ज्याच्या हाताखाली काम करायचं आहे त्या साहेबांचाही एक जावा.