अटक कोणाला, हे कोणी ठरवलं?

‘अटक झालेला नवरा पुन्हा हात उचलत नाही’ असा दावा समोर आला की मी टक्केवारी नंतर बघते. अटक कोणाला करायची हे कोणी ठरवलं, ते आधी शोधते. पोलिसाने ठरवलं असेल तर एखाद्याला तो उचलणार, दुसऱ्याला समज देऊन सोडणार. मग पुढे दिसणारा फरक अटकेचा की मुळात त्या माणसांमधला?

म्हणून विद्यार्थ्यांना मी अमेरिकेतल्या मिनीॲपोलिसचा प्रयोग वाचायला लावते. १९८१-८२ मध्ये लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांनी हा निर्णय पोलिसाच्या हातून काढून घेतला. घरगुती मारहाणीच्या किरकोळ गुन्ह्यांसाठी पोलिसाला रंगीत फॉर्मचं पॅड दिलं. वरच्या फॉर्मचा रंग सांगेल ते करायचं: अटक, समज, किंवा मारणाऱ्याला आठ तास घराबाहेर पाठवणं. रंगांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा तसा आधीच लावलेला. एकूण ३१४ प्रकरणं. सहा महिन्यांत पोलिसांकडे पुन्हा नोंद झाली ती अटकेच्या गटात १० टक्के, समज दिलेल्यांत १९, बाहेर पाठवलेल्यांत २४.

पण पॅड पोलिसाच्याच हातात होतं. पुढचा रंग आधी दिसत असेल, तर नको असलेलं प्रकरण प्रयोगात न धरण्याची पळवाट उघडीच राहते. आणि २८ टक्के प्रकरणं फक्त तीन पोलिसांनी आणलेली! समज द्यायची ठरली होती, तिथे प्रत्यक्षात ७८ टक्के वेळाच समज दिली गेली. उरलेल्यांतल्या बहुतेकांना अटकच झाली. अशा वेळी गट रंगावरूनच धरायचे. घडलं त्यावरून धरले तर पोलिसाची निवड मागच्या दाराने परत आत येते.

हे किचकट वाटेल, पण निष्कर्ष चुकला तर मार त्या घरातली बाई खाते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी अटकेचे कायदे केले ते प्रयोगाची इतरत्र फेरतपासणी पूर्ण होण्याआधीच. पुढे फेरतपासणीत ओमाहा आणि शार्लट या शहरांमध्ये अटकेचा फायदा दिसला नाही. मिलवॉकीत नोकरी नसलेल्यांमध्ये अटकेनंतर मारहाण वाढलेली दिसली, आणि शर्मन स्वतःच सक्तीच्या अटकेविरुद्ध बोलू लागले.

मात्र त्या निष्कर्षालाही मी तोच प्रश्न विचारते. अटक चिठ्ठीने ठरली होती, बेकारी नव्हे. बेकार माणूस इतर बाबतींतही वेगळा असू शकतो. त्यामुळे अशा नवऱ्याला नोकरी लावून दिली तर अटकेचा परिणाम उलटेल, असं मिलवॉकीवरून म्हणता येत नाही.