साखरेचा दाणा लांब झाला तर?

चिमूटभर साखर काळ्या कागदावर पसरा आणि भिंगातून पाहा. वाळूसारखे वेडेवाकडे खडे दिसतात का? छे! सपाट, चकचकीत बाजू आणि नेटके कोपरे. हे साखरेचे स्फटिक. पण कधी कधी कारखान्यात हेच दाणे सुईसारखे लांबुळके होतात आणि सगळ्यांची पंचाईत होते.

ती कशी? उसाच्या रसाचा पाक आटवला की त्यात दाणे धरतात. दाणे आणि काळसर, चिकट मळी यांचा दाट लगदा होतो. तो जाळीच्या मोठ्या पिंपात घालून मिनिटाला हजाराहून अधिक फेऱ्यांनी गरगर फिरवतात. कपडे पिळणाऱ्या वॉशिंग मशिनसारखंच! मळी जाळीबाहेर उडते, साखर आत राहते. दाणे ठेंगणे आणि सारखे असले, की मधल्या फटींतून मळी झटकन निघते. लांबुळके दाणे मात्र आडवेतिडवे पडून वाटा बुजवतात. मग पाणी मारून साखर धुवावी लागते. आणि पाणी मारलं की काय होणार? बरोबर, थोडी साखरही विरघळून मळीबरोबर जाणार!

याची सुरुवात होते थेट शेतात. ऊस तोडला की कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू आत शिरतात. ते साखर फस्त करतात आणि डेक्स्ट्रान हा बुळबुळीत पदार्थ बनवतात. (गंमत म्हणजे, हाच डेक्स्ट्रान शुद्ध करून रुग्णांना शिरेतूनही देतात.) डेक्स्ट्रान म्हणजे ग्लुकोजची लांबलचक साखळी. साखरेच्या रेणूतही अर्धा भाग ग्लुकोजचाच, त्यामुळे ही साखळी स्फटिकाच्या काही बाजूंना जाऊन चिकटते. समजा, गवंडी भिंत बांधतोय आणि कुणी दोन बाजूंवर फतकल मारून बसलं, तर? तो उरलेल्या बाजूंनाच विटा लावत जाणार. स्फटिकाचंही तसंच. तो एकाच दिशेने वाढतो.

यावर उपाय आहे. डेक्स्ट्रान तोडणारं विकर रसात घालतात. पण त्याला पैसे पडतात, आणि जिवाणूंनी खाल्लेली साखर काही परत येत नाही. त्यापेक्षा ऊस तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गाळलेला बरा. ऊस उन्हात पडून राहिला तर सुकून वजनही घटतं, म्हणजे शेतकऱ्याचा तोटा वेगळाच. जळीत उसाची तर आणखी घाई असते, कारण तो फार लवकर बिघडतो. म्हणूनच कारखान्याच्या फाटकावर उसाच्या गाड्यांची रांग लांबली, की आतले लोक बेचैन होतात.