बँजो पार्टी : रस्त्यावरची उपज

संगीत म्हटले की तंबोरा, तबला आणि शांत बसलेले रसिक आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. लग्नसराईत जळगाव-धुळ्याच्या गल्ल्यांतून वाजत जाणाऱ्या बँजो पार्टीला मात्र आपण 'गोंगाट' म्हणून मोकळे होतो. हा न्याय कितपत योग्य आहे, याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम वाद्याविषयी. आपण ज्याला बँजो म्हणतो ते खरे पाहता बुलबुलतरंग होय. जपानमधील नागोया येथे १९१२ साली मोरिता गोरो यांनी 'ताईशोगोतो' हे वाद्य तयार केले. त्याचाच हा भारतीय अवतार. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या असतात व त्यांवर टाइपरायटरसारखी बटणे असतात. डाव्या हाताने बटण दाबले की तारेचा कंप पावणारा भाग आखूड होतो आणि स्वर चढतो. उजव्या हाताने तार छेडावयाची. मूळ आवाज नाजूक. परंतु पिकअप बसविला की तारेच्या कंपनातून सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि ॲम्प्लिफायर तो अनेक पटींनी वाढवितो. जोडीला कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोल-ताशे आणि टेम्पोवरील जनरेटर आला की फिरता रंगमंच सिद्ध झाला.

सूक्ष्म ध्वनी विजेने मोठे करून श्रोत्यांसमक्ष वाजविण्याचा प्रयोग अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी १९६० साली 'कार्ट्रिज म्युझिक' या रचनेत केला. त्यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर उभारून दिला. या प्रयोगांची जाणकार आदराने दखल घेतात. आमच्या बँजोवाल्याची प्रयोगशाळा मात्र रस्ता हीच!

मैफलीत जिला 'उपज' म्हणतात, ती येथेही असते. समोर स्वरलिपी नसते. वादकाची नजर नाचणाऱ्यांच्या पायांवर असते. पाय मंदावले की तो चाल बदलतो, रंग चढला की तीच ओळ पुन्हापुन्हा घोळवितो, लय वाढवितो. चित्रपटगीतातून तो अलगद अहिराणी गाण्यात शिरतो आणि बाजूला उभ्या असलेल्या आयाबायाही गुणगुणू लागतात. म्हणजे रचना एकट्या वादकाची नसते. नाचणाराही तिचा भागीदार असतो.

आज प्रश्न आहे तो या भागीदारीचा. डीजेच्या ध्वनिमुद्रित गाण्यांपुढे वादकांचा ताफा महाग वाटतो. यंत्र थकत नाही, हे खरे. पण मुद्रित गाणे समोरच्याला उत्तर देत नाही. आवाजाची तक्रार मात्र रास्त आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास सामान्यतः मनाई आहे. रुग्णाची झोप मोडून कोणतीही कला मोठी होत नाही. परंतु दोष आवाजाच्या पातळीचा आहे, वादनाचा नव्हे.

असोद्याच्या बहिणाबाईंची जात्यावरची उपज सोपानदेवांमुळे १९५२ साली ग्रंथरूपाने आली. अन्यथा ती वाऱ्यावर विरली असती. बँजोवाल्याची उपजही वरातीबरोबर विरते. आपल्या स्नेहसंमेलनात एखादी बँजो पार्टी सभागृहात, माफक आवाजात, समोर बसून ऐकावी व तिचे ध्वनिमुद्रण ग्रंथालयात ठेवावे. मग गोंगाट कोणता आणि संगीत कोणते, हे आपले कानच ठरवतील.